पुनर्वसनातली पीएचडी आणि दिव्यांगत्व अभ्यासातली पीएचडी

सोलापुरात कुणी सांगितलं, 'माझी पीएचडी दिव्यांगांवर आहे,' की समोरचा हमखास विचारतो, 'म्हणजे स्पेशल बीएडसारखं का?' घोळ तिथेच सुरू होतो.

पुनर्वसन आणि विशेष शिक्षणातलं संशोधन व्यक्तीपासून सुरू होतं. कर्णबधिर मुलाला वाचायला कसं शिकवावं, पायाला आधार देणारा कोणता कॅलिपर कमी टोचेल, असे त्याचे प्रश्न. काम मोलाचं आहेच आणि ते बहुतेकांना कळतंही.

दिव्यांगत्व अभ्यास उलट बाजूनं येतो. १९७६ साली ब्रिटनमधल्या दिव्यांगांच्या एका संघटनेनं ठणकावलं, की शरीरातली उणीव वेगळी आणि समाजानं केलेली अडवणूक वेगळी. ब्रिटिश दिव्यांग अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी पुढे याच विचाराची 'सामाजिक प्रारूप' म्हणून मांडणी केली.

समजा, सोलापूरच्या पूर्व भागात घरी विड्या वळणारी एक बाई आहे, पोलिओनं एक पाय अधू झालेली. पहिला संशोधक तिची बैठक, पाठदुखी, कॅलिपर बघेल. दुसरा विचारेल, वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवतं कोण? तिथे पायऱ्या किती? कारखान्यातली नोंद तिच्या नावावर आहे की जावेच्या? जावेच्या असेल, तर विड्या हिच्या हातच्या आणि प्रॉव्हिडंट फंड तिचा!

गंमत म्हणजे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे पाय दोन्ही डगरींवर आहेत. व्याख्येत तो 'अडथळे' मोजतो, पण नोकरीतल्या आरक्षणासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. ही टक्केवारी ठरते पायावरून, कारखान्याच्या पायऱ्या त्यात येतच नाहीत. मला विचाराल तर नव्या संशोधकानं इथेच ठाण मांडावं.

अर्थात सामाजिक प्रारूपही सगळं सांगत नाही. रॅम्प बांधला म्हणून गुडघ्याची कळ थांबत नाही. हा आक्षेप बाहेरच्यांचा नाही, दिव्यांग स्त्रीवादी अभ्यासकांनीच तो घेतलाय.

पद्धतही बदलते. पहिल्या प्रकारात बहुधा चाचण्या आणि गुण, दुसऱ्यात लांबलचक मुलाखती. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, तेव्हा आराखड्यातच दुभाष्याचा खर्च धरा. मूकबधिरांशी बोलायचं असेल तर सांकेतिक भाषा जाणणाऱ्याचाही. आणि त्या बाईऐवजी जाऊच उत्तरं देऊ लागली, तर तेही टिपून घ्या. तुमच्या प्रबंधाचा तो डेटाच आहे.