बालप्रायोजकत्व, चर्चपुरस्कृत

परदेशातील अनाथ, निराधार वा अपंग मुलाच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा खर्च एखाद्या चर्चने, चर्चमधील मंडळाने किंवा सभासदाने नियमितपणे उचलण्याची पद्धत. मूल आपल्याच देशात राहते. पूर्वी बहुधा मिशनच्या वसतिगृहात किंवा अनाथाश्रमात, अलीकडे पुष्कळदा स्वतःच्या घरी. त्यामुळे कायदेशीर दत्तकविधानाहून ही पद्धत वेगळी आहे. रकमेच्या बदल्यात आश्रयदात्याला मुलाचे नाव, छायाचित्र, प्रगतीचा वृत्तांत आणि पत्रे मिळतात. महाराष्ट्रात शाळांमधील दत्तक-पालक योजनांमुळे ही कल्पना सर्वपरिचित आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ नेमका कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात तिचा जन्म कोरियन युद्धात (१९५०–५३) झाल्याचे सांगितले जाते. बॉब पिअर्स यांनी १९५० मध्ये ‘वर्ल्ड व्हिजन’ ही संस्था स्थापन केली आणि १९५३ पासून कोरियातील अनाथांसाठी मासिक आश्रयदानाची योजना चालवली. एव्हरेट स्वॉन्सन या धर्मोपदेशकाने १९५२ मध्ये कोरियातच सुरू केलेल्या कार्यातून पुढे ‘कम्पॅशन’ ही संस्था उभी राहिली. या दोन संस्था आजही या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या संस्थांमध्ये मोडतात, आणि कोरियापासूनची कथा प्रामुख्याने त्यांच्याच प्रचारसाहित्यातून पसरलेली आहे. तिच्या आधी किमान दोन योजना निश्चित दाखवता येतात. जे. कॅल्विट क्लार्क या प्रेसबिटेरियन पाळकाने व्हर्जिनियातील रिचमंड येथे १९३८ मध्ये चिनी मुलांसाठी निधी उभारला. १९५१ पासून तो ‘ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड’ या नावाने ओळखला जाऊ लागला. स्पेनच्या यादवी युद्धातील मुलांसाठी १९३७ मध्ये सुरू झालेली ‘फॉस्टर पेरेंट्स’ योजना मात्र चर्चची नव्हती.

दुसरे मत आरंभ १९२० च्या सुमारास मानते. एग्लंटाइन जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी लंडनमध्ये १९१९ साली स्थापन केलेल्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधीने पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीत सापडलेल्या मध्य युरोपातील मुलांना एकेक आश्रयदाता मिळवून दिला. निधी धर्मनिरपेक्ष असला तरी चर्चचा आधार त्याला आरंभापासून होता. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी नोव्हेंबर १९१९ च्या परिपत्रकात २८ डिसेंबर या निष्पाप बालकांच्या सणाच्या दिवशी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये वर्गणी गोळा करण्यास सांगितले आणि पुढील वर्षीच्या परिपत्रकात या निधीचा आवर्जून उल्लेख केला. विकासकार्याच्या बऱ्याच इतिहासांतून हेच मत स्वीकारलेले दिसते.

तिसरे मत कॅथलिक परंपरेकडे बोट दाखवते. फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फॉर्बँ-जान्सॉं यांनी १८४३ मध्ये ‘पवित्र बाल्य’ संघ काढला. युरोपातील मुलांनी दरमहा एक सू (फ्रेंच नाणे) द्यावा, रोज एक लहानशी प्रार्थना म्हणावी आणि त्या पैशातून चीनमधील टाकून दिलेल्या अर्भकांचा बाप्तिस्मा व संगोपन व्हावे, अशी योजना होती. पुढे अमेरिकेतील कॅथलिक शाळांत पाच डॉलर जमवणाऱ्या वर्गाला एका ‘परधर्मी बाळा’चे नाव ठेवण्याचा मान आणि प्रमाणपत्र मिळू लागले, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रघात टिकला. मात्र येथे पैसा सामायिक निधीत जाई. नाव ठेवलेले बाळ आणि दिलेली रक्कम यांचा पुढे काही संबंध उरत नसे.

एक ठरलेले मूल, ठरावीक मुदतीची रक्कम आणि दोन्ही बाजूंचा काही संपर्क या तीन गोष्टी पद्धतीची लक्षणे धरली, तर त्या याहून आधी प्रॉटेस्टंट मिशनच्या निवासी शाळांत एकत्र आढळतात. ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८१६ मध्ये बोर्डाचे लोक सिलोनच्या जाफना भागात गेले. त्याच दशकात मिशनरींच्या घरी किंवा वसतिगृहात ठेवून शिकवायच्या मुलांसाठी बोर्डाने अमेरिकेतील मंडळ्यांकडून वेगळ्या देणग्या घेण्यास सुरुवात केली. या देणग्यांचे खरे पीक आले ते जाफन्यात. ठरलेली वार्षिक रक्कम देणाऱ्या व्यक्तीला, महिला मंडळाला किंवा रविवारच्या शाळेला मुलाचे नाव निवडता येई. म्हणून बट्टिकोटा सेमिनरी (१८२३) व उडुविल येथील मुलींची शाळा (१८२४) यांच्या पटावर न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्य भागातील पाळकांची आणि दानशूर बायकांची नावे तमिळ मुलांना लावलेली आढळतात. मूल शाळा सोडून गेले किंवा दगावले, तर ते नाव आणि देणगी दुसऱ्या मुलाकडे वळवली जाई.

अमेरिकेतील मूलनिवासींच्या मिशन शाळांतही हाच प्रकार होता. चेरोकी जमातीतील गॅलेगिना नावाच्या तरुणाने १८१८ च्या सुमारास अमेरिकन बायबल सोसायटीचे अध्यक्ष एलियस बूडिनो यांचे नाव घेतले. पुढे तो चेरोकी भाषेतील पहिल्या वृत्तपत्राचा संपादक झाला. ओसेज जमातीच्या एका लहान बंदिवान मुलीच्या सुटकेसाठी पैसे देणाऱ्या नॅचेझ येथील बाईंचे लिडिया कार्टर हे नाव त्या मुलीला देण्यात आले. नावाचा हा व्यवहार आजच्या वाचकाला खटकेल. त्या काळातील देणगीदारांना मात्र तो बाप्तिस्म्यातील धर्मपित्याच्या नात्याचाच विस्तार वाटत होता. संपर्काचे स्वरूप काळानुसार बदलले हे खरे. तरी पद्धतीचा सांगाडा येथेच तयार झालेला दिसतो, आणि १९२० किंवा १९५३ ही वर्षे आरंभाची न मानता पुनरुज्जीवनाची मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

मिशन मंडळांना ही पद्धत कधीच पूर्णपणे पसंत नव्हती. विशिष्ट मुलासाठी आलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, सर्वसाधारण निधी आटतो आणि दूरच्या मिशनरीवर पत्रांचे ओझे पडते, ही तक्रार एकोणिसाव्या शतकभर आढळते. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी १८५४–५५ मध्ये भारत व सिलोनचा दौरा करून इंग्रजी निवासी शाळांना कात्री लावली; बट्टिकोटा सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली. तेवढ्याने देणगीदारांची आवड मात्र ओसरली नाही. मेथडिस्ट मिशनने १८५७ च्या उठावानंतर बरेली येथे काढलेल्या मुलींच्या अनाथाश्रमाला अमेरिकेतील आश्रयदाते लाभले. क्लारा स्वेन ही डॉक्टर मिशनरी १८७० मध्ये बरेलीला आल्यावर तिच्या पहिल्या वैद्यकीय विद्यार्थिनी याच आश्रमातून निवडल्या गेल्या.

महाराष्ट्र : येथे या पद्धतीला विस्तार मिळाला तो १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांमुळे. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकाचे चालक लुई क्लॉप्श यांनी वाचकांकडून निधी जमवला. दोन लाख बुशेल मका भरलेले ‘क्वीटो’ जहाज १० मे १९०० रोजी न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले. धान्यवाटप संपल्यावर दुष्काळातील अनाथांचा प्रश्न उरला. वर्षाला सुमारे पंधरा डॉलरमध्ये एका अनाथाचे पालन होईल असे आवाहन साप्ताहिकाने केले आणि पश्चिम व मध्य भारतातील अनेक पंथांच्या मिशनांकडे मुले व पैसा सोपवला. अमेरिकन मराठी मिशनचे (अमेरिकन बोर्डाची महाराष्ट्रातील शाखा) रॉबर्ट ह्यूम यांच्याकडे अमेरिकेतून येणाऱ्या दुष्काळनिधीच्या वाटपाची मोठी जबाबदारी होती. त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ सुवर्णपदक मिळाले. अहमदनगर (आता अहिल्यानगर), वडाळा व शिरूर येथील मिशन केंद्रांत मुलांची संख्या एकदम फुगली. केवळ पुस्तकी शिक्षण देऊन एवढ्या मुलांना पोटापाण्याला लावणे अशक्य असल्याने सुतारकाम, विणकाम, गालिचे यांचे वर्ग निघाले. अहमदनगर येथे डेव्हिड चर्चिल या अभियंता मिशनरीने सुधारित हातमागावर केलेले काम याच गरजेतून पुढे आले.

पंडिता रमाबाईंच्या संस्थांचे स्थान थोडे निराळे आहे. बोस्टनमध्ये डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत करण्याचे मान्य केले. अमेरिकेतील गावोगावच्या ‘रमाबाई सर्कल’च्या सभासदांनी वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा, असा तो करार होता. असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे पाळक होते आणि वर्गणीदारही बहुतांश चर्चमधले. तरीही मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी उघडलेल्या शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही अशी अट होती. पैसा चर्चमधून यावा आणि संस्था धर्माबाबत तटस्थ राहावी, ही घडी फार काळ टिकली नाही. सदन पुण्यास आल्यानंतर १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या पद्धतीविषयी आजवर झालेल्या वादांचे बीज या प्रकरणात आहे, आणि त्याची मराठी कागदपत्रे विपुल आहेत.

असोसिएशनचा करार संपल्यावर रमाबाईंचे केडगाव (जि. पुणे) येथील ‘मुक्ती’ सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालले. आश्रितांची संख्या १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या घरात गेली, आणि अमेरिकेबरोबरच इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथूनही मदत येऊ लागली. बायबलमधील बार्तीमय या अंधाच्या नावाने तेथे अंध स्त्रिया व मुलींचे सदन उघडले आणि रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवण्याची सोय केली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये काढलेली अंधशाळाही दुष्काळानंतरच्या याच कार्याचा भाग होय.

अपंग मुले : आश्रयदानाच्या इतिहासात अपंग मुले उशिरा आणि तुरळक दिसतात. आश्रयदात्याला प्रगती पाहायची असे. वर्षाला एक इयत्ता चढणारे मूल त्याला दाखवणे सोपे जाई, अंथरुणाला खिळलेले मूल दाखवणे तसे नव्हते. जर्मन पाळक अर्न्स्ट क्रिस्टोफेल हे ठळक अपवाद. त्यांनी १९०८ मध्ये तुर्कस्तानात कार्य सुरू करून मलात्या येथे अंध, अपंग व अनाथ मुलांसाठी ‘बेथेस्दा’ हे घर काढले; आजची ‘सीबीएम’ संस्था त्यातूनच निघाली. कुष्ठरोग्यांसाठी १८७४ मध्ये निघालेल्या मिशनने रुग्णांच्या निरोगी मुलांना वेगळ्या घरात ठेवून त्यांच्यासाठी वार्षिक आश्रयदाते मिळवले. कॅन्सास राज्यातील व्हाइट क्लाउड गावच्या एका मुलाने १९१३ मध्ये ‘पीट’ नावाचे डुक्कर पोसून विकले आणि कुष्ठपीडितासाठी पंचवीस डॉलर पाठवले. पुढे अमेरिकन चर्चमध्ये या कामासाठी डुकराच्या आकाराच्या बचतपेट्या निघाल्या. रोमेनियात १९८९ च्या क्रांतीनंतर सुमारे एक लाख मुले सरकारी संस्थांत असल्याचे उघड झाले. चिगिडसारख्या ठिकाणच्या अपंग मुलांची चित्रफीत १९९० मध्ये पाहून जर्मनी व ब्रिटनमधील अनेक मंडळ्यांनी एकेका मुलाऐवजी अख्खे बालगृहच पत्करले.

कार्यपद्धती : मोठ्या संस्थांत आज दोन तऱ्हा आहेत. ‘कम्पॅशन’ स्थानिक चर्चमार्फतच काम करते आणि प्रत्येक मुलाची धारिका, हजेरी व पत्रव्यवहार ठेवते. ‘वर्ल्ड व्हिजन’मध्ये पैसा त्या मुलाच्या वस्तीतील पाणी, शाळा, आरोग्य यांवर एकत्र खर्च होतो. मूल त्या वस्तीचा प्रातिनिधिक चेहरा असते. दुसरी तऱ्हा अधिक समंजस, पण वर्गणीदाराला समजावून सांगण्यास अवघड. त्याच संस्थेने २०१९ पासून मुलांनी आश्रयदात्याचे छायाचित्र पाहून त्याला निवडावे असा उलटा क्रमही सुरू केला. जर्मनीतील ड्युइसबुर्ग येथे १९५९ मध्ये निघालेल्या ‘किंडरनोटहिल्फे’चा आरंभ भारतीय मुलांना आश्रय देण्यानेच झाला.

टीका व मूल्यमापन : ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ मासिकाने १९८२ मध्ये मुलांना अशा रीतीने आश्रय देऊच नये अशी भूमिका मांडली. एकाच वस्तीत निवडलेले व न निवडलेले मूल यांच्यातील दुजाभाव, पत्रांच्या भाषांतरावर होणारा खर्च आणि मिंधेपणाची भावना हे तिचे मुद्दे होते. ‘शिकागो ट्रिब्यून’ने १९९८ मध्ये आश्रित मूल मरण पावल्यानंतरही पैसे घेतले जात राहिल्याची उदाहरणे छापली. याउलट ब्रूस वायडिक, पॉल ग्लीव व लेन रटलेज यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘कम्पॅशन’च्या योजनेतील व्यक्तींची भारतासह सहा देशांत पाहणी केली, त्यांचे शालेय शिक्षण इतरांच्या तुलनेत सुमारे एक ते दीड वर्षाने अधिक आढळले. हा निष्कर्ष एकाच संस्थेपुरता आहे, आणि अनाथाश्रमांना मिळणाऱ्या आश्रयदानाला तो लागू करणे योग्य नाही. संयुक्त राष्ट्रांची पर्यायी संगोपनाविषयीची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे मुलाला शक्यतो कुटुंबात ठेवण्यास सांगतात. अनेक देशांत ‘अनाथ’ म्हणून ठेवलेल्या मुलांपैकी बहुसंख्यांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि परदेशातून येणारा दरडोई पैसा मुलांना संस्थेतच ठेवण्याला उत्तेजन देतो, हा आक्षेप आता चर्चमधूनही घेतला जातो.

भारतातील सद्यस्थिती : परदेशी देणगी नियमन कायदा (१९७६; २०१० मध्ये त्याच्या जागी नवा कायदा) हा येथील निर्णायक घटक आहे. ‘कम्पॅशन’च्या देणग्यांवर २०१६ मध्ये पूर्वपरवानगीचे बंधन आले आणि सुमारे दीड लाख मुलांची योजना मार्च २०१७ मध्ये बंद झाली. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्यास २०२० च्या दुरुस्तीने मनाई केल्यामुळे एका मोठ्या संस्थेकडून लहान चर्च व वसतिगृहांकडे पैसा जाण्याची जुनी वाट बंद झाली. ‘वर्ल्ड व्हिजन इंडिया’ची नोंदणी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. दरम्यान २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रायोजकत्वाला कायदेशीर स्थान दिले असून, ‘मिशन वात्सल्य’खाली कुटुंबात राहणाऱ्या पात्र मुलासाठी दरमहा चार हजार रुपये आणि महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २०२३ च्या वाढीनंतर २,२५० रुपये दिले जातात.