अमेरिकेतील सरकारी बांधकामांवरील प्रचलित वेतन: दर कसा ठरतो, कोणाला लागू होतो आणि कोणती कागदपत्रे लागतात

अमेरिकेत केंद्र सरकारच्या पैशातून होणाऱ्या बांधकामावर मजुराला किती वेतन द्यायचे, हे कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार त्या परिसरात त्याच प्रकारच्या कामाला जो दर प्रचलित असेल, त्यापेक्षा कमी वेतन देता येत नाही. तिकडे लहानमोठी कंत्राटे घेणाऱ्या किंवा कंत्राटदाराकडे हिशेब आणि साइट सांभाळणाऱ्या मराठी मंडळींना हा कायदा केव्हातरी भेटतोच, आणि त्यातील बहुतेक अडचणी निविदा भरतानाच नीट वाचले असते तर टळल्या असत्या अशा असतात.

केंद्र सरकारच्या २,००० डॉलरपेक्षा अधिक रकमेच्या बांधकाम, फेरबदल किंवा दुरुस्तीच्या कंत्राटाला हा कायदा लागू होतो. रंगकाम आणि सजावटही त्यात येते. महामार्ग, गृहनिर्माण यांसारख्या अनेक योजनांत केंद्राचे अनुदान असेल, तर संबंधित कायद्यांमार्फत हेच दर स्थानिक संस्थांच्या कामांनाही लागतात. संरक्षण मिळते ते कामाच्या जागेवर प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्यांना, म्हणजे मजूर, सुतार, गवंडी, वायरमन, प्लंबर, यंत्रचालक यांना. कार्यालयीन कर्मचारी व अभियंते त्यात येत नाहीत. मात्र जो मुकादम आठवड्यातील २० टक्क्यांहून अधिक वेळ स्वतः हत्यार हातात घेऊन काम करतो, त्याला त्या तासांसाठी संबंधित कारागिराचा दर द्यावा लागतो. कामगार मुख्य कंत्राटदाराचा आहे की उपकंत्राटदाराचा, याने फरक पडत नाही, आणि उपकंत्राटदाराने कमी दिलेले वेतन भरून देण्याची जबाबदारी मुख्य कंत्राटदारावर येते.

दर ठरवण्याचे काम कामगार खात्याचा वेतन व कार्यतास विभाग करतो. इमारत, निवासी, महामार्ग आणि अवजड बांधकाम असे चार प्रकार धरून बहुधा काउंटीनिहाय, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागानुसार, पाहणी होते. एखाद्या कामाच्या वर्गातील निम्म्याहून अधिक कामगारांना एकच दर मिळत असेल, तर तोच प्रचलित दर ठरतो. तसे नसेल, तर सर्वाधिक कामगारांना मिळणारा दर घेतला जातो, पण तो किमान ३० टक्के कामगारांना मिळत असला पाहिजे. तेही जमले नाही, तरच भारित सरासरी, म्हणजे कोणता दर किती कामगारांना मिळतो हे धरून काढलेली सरासरी, घेतली जाते. ही मधली ३० टक्क्यांची पायरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढून टाकली होती आणि ऑक्टोबर २०२३ पासून ती पुन्हा आली. हा बदल योग्यच होता, कारण सरासरीतून निघालेला आकडा अनेकदा त्या भागात कोणालाच प्रत्यक्ष मिळत नसतो.

पाहणीसाठी कंत्राटदारांकडून डब्ल्यूडी-१० हा नमुना भरून घेतात. त्यात प्रकल्पाचे ठिकाण, स्वरूप, किंमत, सुरू व पूर्ण झाल्याच्या तारखा, आणि प्रत्येक वर्गात सर्वाधिक कामगार असलेल्या आठवड्यातील संख्या, ताशी दर व लाभ (आरोग्यविम्यासारखे मूळ वेतनाखेरीजचे फायदे) द्यायचे असतात. हा नमुना भरणे ऐच्छिक असल्याने अनेक जण तो बाजूला ठेवतात, आणि दर जाहीर झाल्यावर तो वास्तवाला धरून नाही अशी तक्रार करतात. इमारत व निवासी प्रकारांत खासगी व अन्य कामांची माहिती पुरेशी असल्यास केंद्राच्या प्रकल्पांचे आकडे धरलेच जात नाहीत. म्हणून एखाद्या खासगी दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या कामाचा भरलेला नमुनाही पुढच्या सरकारी कामाचा दर घडवत असतो.

तयार झालेले दरपत्रक सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावर मिळते आणि ते निविदेला जोडलेले असते. निविदा उघडण्यापूर्वी किमान १० दिवस आधी प्रसिद्ध झालेली सुधारणा लागू होते. दरपत्रकात मूळ ताशी दर आणि लाभांची रक्कम वेगवेगळी असते. समजा, वायरमनचा मूळ दर ४० डॉलर आणि लाभ १५ डॉलर आहेत. कंत्राटदार ताशी ९ डॉलर आरोग्यविम्यात भरत असेल, तर उरलेले ६ डॉलर रोख द्यायचे, म्हणजे हातात ४६ डॉलर पडले पाहिजेत. जेथे जादा कामाचा नियम लागू आहे, तेथे ४० तासांनंतरची दीडपट फक्त मूळ दरावर धरतात. म्हणून ६० अधिक १५, असे एकूण ७५ डॉलर होतात.

आवश्यक असलेला कामाचा वर्ग दरपत्रकात नसेल, तर मनाने जवळचा दर लावू नये. एसएफ-१४४४ या नमुन्यात वर्गाचे नाव, कामाचे वर्णन, प्रस्तावित दर व लाभ लिहून, कामगारांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सहमती अथवा असहमती नोंदवून, तो कंत्राट अधिकाऱ्याकडे द्यावा. अधिकारी शिफारशीसह तो विभागाकडे पाठवतो आणि विभाग ३० दिवसांत निर्णय देतो किंवा अधिक वेळ लागेल असे कळवतो. ते काम दरपत्रकातील कोणत्याही वर्गात बसत नसणे, तो वर्ग त्या भागात प्रत्यक्ष वापरात असणे आणि सुचवलेला दर इतर दरांशी सुसंगत असणे, या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. मंजूर दर त्या वर्गाचे काम सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून लागतो, त्यामुळे अर्ज लांबवला की फरकाची रक्कम साचत जाते.

काम चालू असताना दर आठवड्याला प्रमाणित पगारपत्रक द्यावे लागते. डब्ल्यूएच-३४७ हा तयार नमुना त्यासाठी वापरता येतो, आणि पत्रक खरे असल्याचे स्वाक्षरीचे निवेदन मात्र सक्तीचे आहे. या पत्रकात कामगाराचा पूर्ण सामाजिक सुरक्षा क्रमांक लिहायचा नसतो, शेवटचे चार अंक पुरतात. हजेरी व पगाराच्या नोंदी काम पूर्ण झाल्यावर किमान तीन वर्षे जपाव्या लागतात, तसेच दरपत्रक आणि सूचनाफलक साइटवर सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. शिकाऊ कामगाराला कमी दर द्यायचा, तर तो मान्यताप्राप्त कार्यक्रमात वैयक्तिकरीत्या नोंदलेला असल्याचा कागद हवाच. नुसते शिकाऊ म्हटल्याने चालत नाही.

सर्वांत जास्त गफलत वर्ग लावताना होते. दिवसभर भिंतीत पाइप बसवणाऱ्याला पत्रकात साधा मजूर दाखवले, तर त्याचा हक्काचा पैसा बुडतो. अशा कामगाराने रोजचे तास, कामाचे स्वरूप आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात व वेतन व कार्यतास विभागाकडे तक्रार करावी. तक्रारदाराचे नाव गोपनीय राहते आणि स्थलांतरविषयक दर्जामुळे वेतनाचा हक्क नाकारला जात नाही. कंत्राटदाराने जाणूनबुजून नियम मोडल्याचे सिद्ध झाल्यास फरकाच्या रकमेखेरीज तीन वर्षे सरकारी कामांतून त्याला बाद केले जाऊ शकते. दरपत्रकच चुकीचे वाटत असेल, तर संबंधित पक्षाने विभागाच्या प्रशासकाकडे पुराव्यांसह लेखी फेरविचार मागावा आणि तेथे समाधान न झाल्यास प्रशासकीय पुनर्विलोकन मंडळाकडे जावे.