पिनला तिचे काम नेमून देताना

नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी बहुतेक सोसायट्यांत आधी जमिनीखालच्या टाकीत उतरते आणि तिथून पंपाने गच्चीवर चढवले जाते. नेरूळमधील एखाद्या चार मजली इमारतीचा हा पंप आपोआप चालू-बंद करायचा झाल्यास मायक्रोकंट्रोलरला (एका चिपमधल्या छोट्या संगणकाला) वरच्या टाकीतील फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीनुसार उघड-बंद होणारा स्विच, वाचावा लागतो, खालच्या टाकीतील दाबसंवेदकाचे व्होल्टेज मोजावे लागते आणि पंपाचा रिले (विजेने चालणारा स्विच) चालवावा लागतो. आर्डुइनो उनोवरील ॲटमेगा ३२८पी ही चिप हे सारे करू शकते. मात्र कोणत्या पिनने कोणते काम करायचे, हे प्रोग्रॅमने तिला सांगावे लागते.

रीसेट होताच या चिपच्या सर्व पिना इनपुट असतात. इनपुटमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे काहीही न जोडलेली पिन शून्य दाखवत नाही, तर मनाला येईल ते दाखवते. गच्चीपासून जिन्यातून खाली आलेली लांब वायर तर शेजारच्या विजेच्या तारांमधील ५० हर्ट्झची कुरकुरही पकडते. यासाठी चिपमध्ये पिनला पाच व्होल्टकडे ओढणारा २० ते ५० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर असतो. तो चालू केला, की उघडा स्विच १ आणि जमिनीशी जोडलेला स्विच ० असा वाचला जातो. एवढ्या लांब वायरला तो दुबळाच पडतो, म्हणून बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावणे बरे. स्विच कोणत्या जातीचा घ्यावा, हा प्रश्न मात्र याहून महत्त्वाचा आहे. टाकी भरल्यावर उघडणारा स्विच निवडला, तर वायर तुटली तरी पिनवर १ दिसते, टाकी भरली असे समजून पंप थांबतो आणि गच्चीवरून पाणी वाहत नाही. उलट जातीचा स्विच घेतल्यास वायर तुटली की चिपला टाकी कायम रिकामीच दिसते आणि पंप थांबतच नाही.

दाबसंवेदकाच्या पिनवर पुल-अप बंदच हवा, नाहीतर तो मोजायचे व्होल्टेजच वर ओढतो. ० ते ५ व्होल्टचे येथे १०२४ भाग पडतात, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. त्या पिनचा डिजिटल भागही डीआयडीआर-शून्य (DIDR0) या रजिस्टरमधून, म्हणजे चिपमधील सेटिंगच्या कप्प्यातून, बंद करावा, कारण अधल्यामधल्या व्होल्टेजला त्यातील दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहून वीज वाया घालवतात. सिलिकॉन लॅब्सच्या सी८०५१एफ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलर मालिकेत ही निवड पिनगणिक ॲनालॉग की डिजिटल अशी करावी लागते. शिवाय चिपमधील भाग पिनांशी जोडणारा क्रॉसबार चालू केल्याशिवाय तिथे आउटपुट मिळतच नाही, आणि नवखे बरेचदा इथेच अडतात.

आता रिले. एका पिनमधून ४० मिलिॲम्पिअर ही अंतिम मर्यादा आहे, वापरात २० च्या आत राहावे. पाच व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ७० च्या आसपास मागते, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड हवाच. बाजारातील अनेक तयार रिले मॉड्यूल ० दिल्यावर चालू होतात. अशा मॉड्यूलची पिन थेट आउटपुट केली, तर रीसेटनंतर पोर्ट रजिस्टरमध्ये (पिनवर काय द्यायचे ते ठेवणाऱ्या कप्प्यात) असलेले ० लगेच बाहेर पडते आणि पंप क्षणभर झटका घेतो. म्हणून आधी पोर्टमध्ये १ लिहावे, ज्याने इनपुट अवस्थेतच पुल-अप चालू होतो, आणि मगच दिशा बदलावी. या दोन ओळी लिहिल्या जाईपर्यंतच्या काळात पिन अधांतरीच असते; तेवढ्यापुरता रिले बंद ठेवायला तिच्यावर बाहेरून पाच व्होल्टकडे ओढणारा १० किलोओहमचा रेझिस्टर लावतात.