माळरानाची तब्येत मोजायची पद्धत आली कुठून?

सासवड मागे टाकून बारामती-इंदापूरकडे निघालं की पाऊस ५००-६०० मिमीपर्यंत खाली येतो आणि मुरमाड माळ सुरू होतात. या माळांची पाहणी करायची ती पाऊस ओसरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. गवत तुऱ्यावर आल्याशिवाय नीट ओळखू येत नाही आणि दिवाळीनंतर कापणी, चराई, वणवे यांत ओळखायला फारसं काही उरत नाही. टेप, सळई, चाळण्या आणि पाण्याचा कॅन घेऊन केल्या जाणाऱ्या या पाहणीची रीत मात्र बरीचशी अमेरिकेतल्या वाळवंटी चराऊ रानांवर घडली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात रानाला झेपतील त्याहून किती तरी जास्त गुरं सोडली गेली. त्यात दुष्काळ पडले आणि रानं उजाड झाली. १९१२ मध्ये न्यू मेक्सिकोत होर्नाडा प्रायोगिक क्षेत्र स्थापन झालं. तिथे १९१५ पासून एक चौरस मीटरच्या कायमच्या चौकटींत गवताच्या प्रत्येक ठोंबाचा नकाशा काढायला सुरुवात झाली. त्या काळावर छाप क्लेमेंट्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाची होती. चराई थांबवली की रान पायरीपायरीने मूळ अवस्थेकडे परततं, असं त्याच्या १९१६ च्या मांडणीवरून धरलं जाई. १९४९ मध्ये डिक्स्टरहाउस या चराऊ रानांच्या अभ्यासकाने त्यावरून गुणपत्रिकाच बेतली: चराईने घटणाऱ्या, वाढणाऱ्या आणि बाहेरून घुसणाऱ्या अशा वनस्पतींच्या तीन गटांचं प्रमाण काढायचं आणि रानाला प्रत द्यायची.

होर्नाडातच हे गणित फसलं. ब्लॅक ग्रामा गवत गेलं, मेस्किटची झुडपं आली, त्यांच्याभोवती वाळूचे ढीग साचले. मग गुरं हटवूनही गवत परतलं नाही. एकदा माती वाहून गेली की परतीची पायरीच उरत नाही. १९८९ मध्ये वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेयर यांनी ‘अवस्था आणि संक्रमणं’ ही मांडणी केली: रान एका अवस्थेतून दुसरीत जातं आणि चराई थांबवली म्हणून आपोआप परतेलच असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या अहवालाने चाऱ्याच्या किलोंवरून लक्ष मातीकडे वळवलं. पुढे जमिनीचं स्थैर्य, पाण्याचं वहन-मुरणं आणि जीवसृष्टीची अखंडता या तीन कसोट्या व त्यांची १७ लक्षणं ठरली. आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं कामाचं वळण हेच.

आपल्याकडे झाशीची चारा संशोधन संस्था १९६२ ची. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले. पुण्याचे माळ त्यांतल्या ‘सेहिमा-डायकँथियम’ (दोन गवतांच्या शास्त्रीय नावांवरून) प्रकारात येतात. शेडा, पवना, मारवेल ही गवतं टिकून असतील तर माळ बऱ्या स्थितीत. कुसळी पसरली म्हणजे ताण आहे. एका हंगामात संपणारं अ‍ॅरिस्टिडा गवतच उरलं तर दशा वाईट. उभ्या-उभ्या अंदाज घ्यायला हा क्रम आजही चालतो.

मोजणीची सळई बारीक हवी, जाड असेल तर आच्छादन, म्हणजे झाडोऱ्याने झाकलेली जमीन, फुगून दिसतं. २५ मीटरचा टेप जमिनीलगत ताणायचा, दर अर्ध्या मीटरला सळई सोडायची, म्हणजे एका रेषेवर ५० नोंदी होतात. वरच्या पानापासून खाली जे जे लागेल ते क्रमाने लिहायचं, शेवटी जमीन. ना पान, ना पाचोळा, ना दगड, तरच ‘उघडी माती’. आपल्या मुरमात नवखे लोक खडीलाही उघडी माती लिहून मोकळे होतात आणि आकडा विनाकारण चढतो. चालायचं टेपच्या एकाच बाजूने, नाहीतर आपणच तुडवलेलं गवत आपण मोजतो. शिवाय २० सेंमीपेक्षा मोठी मोकळी जागा दिसली की तिची लांबी वेगळी टिपायची. वारा आणि पाणी माती उचलतात ते तिथूनच.

मातीची परीक्षा स्वस्त आणि बोलकी आहे. ६-८ मिमीचा कोरडा खडा दीड मिमीच्या जाळीवर ठेवून पाण्यात सोडायचा. पाच सेकंदांत निम्मा विरघळला तर श्रेणी १, म्हणजे सर्वांत कमकुवत. पाच मिनिटं टिकला तर जाळी पाच वेळा बुडवून वर काढायची. तीन चतुर्थांशाहून जास्त खडा शाबूत राहिला तर श्रेणी ६, म्हणजे सर्वांत भक्कम. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर खडे सावलीत वाळवून मगच घ्यावेत. काळ्या मातीचं कोरडं ढेकूळ पाण्यात मुळातच लवकर फुटतं, म्हणून तिची तुलना मुरमाड जमिनीशी करू नये.

खरी अडचण तुलनेची आहे. लक्षणं ताडून पाहायला त्याच मातीचा बरा माळ लागतो आणि इथे तो सहज सापडत नाही. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ ठरलेल्या जमिनींवर चर खणले गेले, गिरिपुष्प लावलं गेलं. उपग्रहाला ते हिरवं दिसतं, पण सावलीत मारवेल विरतं आणि चरांत वरचा थर उलटापालटा होतो. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं, पण जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. संदर्भाला तेवढा एकच तुकडा धरला तर त्याच्या मातीचे गुणदोष साऱ्या तालुक्याच्या माथी बसतात. त्यापेक्षा राखीव कुरणं, देवस्थानच्या जमिनी, धनगरांचे वाडे जिथे क्वचितच उतरतात असे माळ, असे चार-पाच तुकडे मातीच्या प्रकारानुसार निवडावेत आणि दर वर्षी त्याच पंधरवड्यात, त्याच खुंट्यांपासून मोजावेत. खुंट्या लोखंडी असल्या तर उपटून नेल्या जातात. दगड पुरून त्याचं जीपीएस लिहून ठेवलेलं बरं.