विंचेस्टर १८९२ की १८९४? आधी पोट बघा, मग अक्षरं वाचा

जुनी लिव्हर रायफल (चापाभोवतीची दांडी, म्हणजे लिव्हर, खाली-वर करून काडतूस भरायची बंदूक) समोर आली की बहुतेक जण चष्मा लावून नळीवरची अक्षरं वाचायला बसतात. मी उलट क्रम धरायला सांगेन. अक्षरं झिजतात, नळ्या बदलल्या जातात, आणि अक्षरं शाबूत असली तरी त्यांतली सालं दिशाभूल करतात. यंत्रणा मात्र आपली ओळख लपवू शकत नाही. सगळ्यांत जास्त गल्लत होते ती विंचेस्टर या अमेरिकी कंपनीच्या १८९२ आणि १८९४ या दोन मॉडेलांत, म्हणून इथे ही जोडी घेतली आहे.

गल्लत होणं साहजिकच आहे. दोन्हींचा आराखडा अमेरिकेतल्या यूटा प्रांतातल्या जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा आणि कारखाना कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. बाहेर दिसणारा घोडा, नळीखाली नळकांड्यासारखं मॅगझिन, उजव्या अंगाला काडतुसं आत सरकवायची झडप, लाकडी दस्ता: लांबून पाहिलं तर दोन्ही सारख्याच. दोन्ही लांब रायफल आणि आखूड कार्बाइन अशा रूपांत निघाल्या, त्यामुळे नळीच्या लांबीवरूनही काही ठरत नाही.

बंदूक हातात घेतल्यावर आधी नळी सुरक्षित दिशेला वळवा, बोट चापापासून लांब ठेवा. मग लिव्हर उघडून चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन दोन्ही रिकामी असल्याची खात्री करा. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या बंदुकीतही काडतूस असू शकतं.

आता लिव्हर पूर्ण खाली-पुढे करून बंदुकीचं पोट बघा. रिसीव्हरच्या, म्हणजे मधल्या पोलादी पेटीच्या, तळाची पट्टी लिव्हरबरोबर खाली झुकली तर ती १८९४. तळाला अशी वेगळी पट्टीच नसेल आणि फक्त लिव्हर फिरत असेल तर १८९२. एवढ्या एका खुणेवर बहुतेक वेळा निकाल लागतो. मग लिव्हर मिटून वरून, घोड्याच्या पुढे पाहा. १८९२ मध्ये मधल्या बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना एकेक उभी पोलादी पट्टी दिसते. लिव्हर मिटली की या दोन पट्ट्या वर सरकून बोल्टला कुलूप लावतात. १८९४ मध्ये अशी जोडी नाही, तिथे बोल्टच्या पाठीमागे एकच ठोकळा वर येतो.

हा फरक काडतुसामुळे पडला. १८९२ म्हणजे ब्राउनिंगच्याच दणकट १८८६ मॉडेलची लहान आवृत्ती, आणि ती .४४-४०, .३८-४०, .३२-२० अशा आखूड काडतुसांसाठी होती. .४४-४० ची पूर्ण लांबी सुमारे ४० मिलिमीटर. १८९४ सुरू झाली .३२-४० आणि .३८-५५ मध्ये, आणि १८९५ मध्ये तिला धूरविरहित दारूचं .३०-३० मिळालं. ते सुमारे ६५ मिलिमीटर लांब. एवढं काडतूस आत-बाहेर करायचं तर बोल्टला मागे बरंच अंतर जावं लागतं. पेटी फारशी न वाढवता ते साधायला ब्राउनिंगने लिव्हरचा सांधाच सरकता केला. तळ खाली झुकतो तो त्यामुळे. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

यंत्रणा कळली की अक्षरांकडे वळा. नळीवरचं साल हे बनवल्याचं नसून पेटंटचं असतं. १८९२ च्या नळीवर १४ ऑक्टोबर १८८४ ही तारीख सापडते. ते ब्राउनिंगचं १८८६ मॉडेलमागचं पेटंट, म्हणून ती बंदूक १८८४ ची ठरत नाही. १८९४ वर २१ ऑगस्ट १८९४ दिसते. डब्ल्यू आणि पी एकमेकांवर ठोकलेला चाचणीशिक्का विंचेस्टरने १९०५ पासून वापरला. तो मूळ नळीवर असेल तर बंदूक त्याच्या आधीची नसावी.

काडतुसाच्या खुणेत खरा सापळा आहे. ‘डब्ल्यू.सी.एफ.’ (विंचेस्टर सेंटर फायर) ही अक्षरं दोन्ही मॉडेलांवर येतात, म्हणून आकडा पाहायचा. ‘३० डब्ल्यू.सी.एफ.’ म्हणजे .३०-३०, अर्थात १८९४. ‘४४ डब्ल्यू.सी.एफ.’ १८९२ वर. ‘३२ डब्ल्यू.सी.एफ.’ हे आखूड .३२-२०, म्हणून १८९२. पण .३२ विंचेस्टर स्पेशल आणि .३२-४० दोन्ही १८९४ ची. तसंच २५-२० हे १८९२ चं आणि २५-३५ हे १८९४ चं. नुसत्या ‘३२’ वर विसंबून काडतूस भरणं धोक्याचं आहे. जुन्या नळीतून काहीही उडवण्याआधी जाणत्या गनस्मिथकडून तपासून घ्या.

अनुक्रमांक दोन्हींवर रिसीव्हरच्या तळाला, पुढच्या बाजूला असतो. प्रत्येक मॉडेलची मालिका वेगळी आहे, त्यामुळे एकच आकडा दोन्हींवर सापडतो आणि सालं वेगळी निघतात. दहा लाखावी १८९४ रायफल १९२७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट मिळाली, तर दहा लाखावी १८९२ युद्धमंत्री पॅट्रिक हर्ली यांना १९३२ मध्ये. १८९२ चं उत्पादन दहा लाखांच्या थोडं पुढे थांबलं, १८९४ कितीतरी पुढे गेली. म्हणून वीस लाखांच्या घरातला क्रमांक दिसला तर १८९२ चा प्रश्नच उरत नाही.

नळीवर मॉडेल ५३, ५५, ६४ किंवा ६५ लिहिलेलं असेल तर गोंधळू नका. ५३ आणि ६५ ही १८९२ ची वंशज, ५५ आणि ६४ ही १८९४ ची. ‘एल टिग्रे’ असं नाव असेल तर ती स्पेनच्या एइबार गावात झालेली १८९२ ची नक्कल.