पाबळची शाळा आणि इंजिनिअर घडवायची जुनी गोष्ट

शाळेतल्या पोरांना इंजिनिअरिंगची गोडी कशी लावायची हा विषय निघाला की आता लगेच रोबोटिक्सचं किट डोळ्यासमोर येतं, पण आपल्याकडे ही धडपड किटच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो सरकारी बांधकामांवर माणसं हवी होती म्हणून, त्याचंच पुढे सीओईपी (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे) झालं. विश्वेश्वरय्या तिथेच शिकले, खडकवासला धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचे, आणि त्यांच्या वाढदिवसाला १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन करतो. शाळेत त्या दिवशी फोटोला हार, एक भाषण, संपलं. मुलाच्या हाताला काय लागलं?

हाताचा विचार झालाच नव्हता असं नाही. १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तकलेतून शिक्षण मांडलं, पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला. कल्पना चांगलीच होती पण आमच्या शाळेत कार्यानुभव म्हणजे क्रेप कागदाची फुलं आणि वर्षाच्या शेवटी वहीवर सही, करवत कधी हातात आलीच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

मग येतं १९८३. याच वर्षी वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, सीट भराभर वाढल्या आणि घराघरात "पोराला इंजिनिअर करायचं" हे सुरू झालं. आणि त्याच वर्षी शिरूर तालुक्यातल्या पाबळला, दुष्काळी भागात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस अमेरिकेतून फूड टेक्नॉलॉजीत पीएचडी करून आलेला, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी, पन्नाशी उलटल्यावर ती सोडून बायकोबरोबर या गावात येऊन राहिला. माझ्या मते त्या वर्षातली जास्त मोठी घटना ही दुसरी, कारण कॉलेजांनी जागा दिल्या पण इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय करतात हे आठवीतल्या मुलाला कळायची सोय पाबळने केली.

कलबागांचं म्हणणं साधं होतं, शाळा सोडलेला मुलगा बिनडोक नसतो, त्याला करत करत शिकू द्या. तिथूनच शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा विषय आला आणि एसएससी बोर्डानेही तो मान्य केला. आठवड्यातला एक दिवस कामाचा, त्यात वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, पशुपालन, रक्तगट तपासणं सगळं, शिकवायला गावातलाच जाणकार माणूस, आणि कामं गावातल्या लोकांची खरी.

खरी कामं हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अँगलला (लोखंडी काटकोनी पट्टीला) भोक पाडताना खूण करायचा पंच जरा सरकला आणि दोन मिलिमीटरचा फरक पडला की बोल्ट बसत नाही, मग कितीही ठोका. गणिताच्या वहीत तेवढ्या चुकीला अर्धा मार्क जातो, इथे ज्याचं काम घेतलंय तो समोर उभा असतो. पाया आखताना दोरीवर ३, ४ आणि ५ फूट मोजून काटकोन जुळवला, वर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघितला की पायथागोरस परत पाठ करावा लागत नाही. पाबळचे ते प्रसिद्ध डोम, म्हणजे घुमटाच्या आकाराच्या इमारती, पण असेच, नुसते लोखंडी त्रिकोण एकमेकांना जोडलेले, चौकोन दाबला की वाकडा होतो आणि त्रिकोण होत नाही हे स्वतः जोडताना कळतं.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या नील गेर्शनफेल्ड यांच्या फॅब लॅबचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या छोट्या वर्कशॉपचं, काम अमेरिकेबाहेर पहिल्यांदा सुरू झालं ते याच पाबळला. कलबाग सर २००३ ला गेले, काम चालू राहिलं.

२०१६ ला केंद्राने अटल इनोव्हेशन मिशन आणलं, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब (स्वतः करून बघायची प्रयोगशाळा), शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सगळं. खूप चांगलं झालं, मनापासून सांगतो. फक्त अशा लॅबमध्ये गेलं की माझं लक्ष आधी प्रिंटरकडे जात नाही, गावातल्या कुणाचा बिघडलेला पंप किंवा तुटलेली खुर्ची तिथे दुरुस्तीला आलीय का हे मी बघतो.