हृदयाच्या झडपांवरील शस्त्रक्रिया आणि हृदयतालाचे विकार

हृदयाची झडप दुरुस्त करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत हृदयाच्या तालाचे जे बिघाड आढळतात, त्यांत तीन प्रमुख आहेत. पहिला म्हणजे दीर्घकाळच्या झडपविकारामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच जडलेले अलिंद-तंतुकंपन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची (अलिंदांची) विस्कळीत थरथर, ज्याला रुग्णालयात एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसते ‘एएफ’ म्हणतात. दुसरा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात नव्याने उद्भवणारे अलिंद-तंतुकंपन. आणि तिसरा अलिंदांकडून निलयांकडे, म्हणजे खालच्या कप्प्यांकडे, जाणाऱ्या विद्युत्‌संवेदनांच्या मार्गातील अडथळा, म्हणजे हार्ट ब्लॉक. निलयांतून उद्भवणारे तालविकार तुलनेने कमी आढळतात.

डावे अलिंद व डावे निलय यांमधील मायट्रल झडप अरुंद झाली किंवा तिच्यातून रक्त उलटे गळू लागले की डाव्या अलिंदातील दाब वाढतो, त्याची भिंत ताणली जाते, पोकळी मोठी होते आणि स्नायूंच्या जागी हळूहळू तंतुमय ऊतक साचते. अशा भिंतीत विद्युत्‌लहर एकसारखी पसरू शकत नाही. तंतुकंपन सुरू झाले म्हणजे अलिंदे मिनिटाला साधारण ३५० ते ६०० या वेगाने, कोणताही मेळ न राखता थरथरतात आणि त्यांचे उपयुक्त आकुंचन थांबते. अरुंद झडपेच्या रुग्णाला याचा त्रास विशेष होतो, कारण निलय भरण्यास आधीच अपुरा असलेला वेळ जलद ठोक्यांमुळे आणखी कमी होऊन फुप्फुसांत रक्त तुंबते. पाश्चात्त्य देशांत झडपांचे विकार आता मुख्यतः वार्धक्यातील झिजेमुळे होतात, तर भारतात संधिज्वर, म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप, हे कारण अद्याप ठळक आहे. त्यामुळे येथे तुलनेने तरुण रुग्णही बराच ताणलेला अलिंद घेऊन शस्त्रक्रियेस येतात.

अनियमित धडधडीचा संबंध मायट्रल झडपेच्या विकाराशी जोडण्याचे श्रेय सामान्यतः झां-बातिस्त द सेनाक या फ्रेंच वैद्यास दिले जाते. त्याचा हृदयावरील ग्रंथ १७४९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील बर्नली येथे जेम्स मॅकेंझी यांनी मानेतील नीलेच्या स्पंदनांचे आलेख घेताना पाहिले की, मायट्रल झडप अरुंद असलेल्या रुग्णाची नाडी कायमची अनियमित झाली तेव्हा आलेखातील अलिंदाच्या आकुंचनाची लाट नाहीशी झाली. अलिंद लुळे पडले असा अर्थ त्यांनी प्रथम लावला आणि नंतर तालाचा उगम अलिंद-निलय गाठीत, म्हणजे अलिंदांकडून निलयांकडे संवेदना पोहोचविणाऱ्या केंद्रात, असावा असे मानले. हे दोन्ही तर्क टिकले नाहीत, पण निरीक्षण अचूक होते. या विकाराच्या ओळखीचे वर्ष काही ठिकाणी १९०६, तर काही ठिकाणी १९०९ दिलेले आढळते. १९०६ मध्ये डच शास्त्रज्ञ आइंटहोव्हेन यांनी अशा अनियमित तालाचा विद्युत्‌-हृदयालेख छापला होता; मात्र त्यातील अनियमितता अलिंदांच्या तंतुकंपनामुळे आहे हे १९०९ मध्ये लंडनमध्ये टॉमस लुईस यांनी आणि व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखविले. त्यामुळे १९०९ हे वर्ष धरणे अधिक योग्य वाटते.

तंतुकंपन टिकून कशामुळे राहते, याबद्दलचा मतभेद जुना असून शस्त्रक्रियेचे स्वरूप त्यावरच ठरले आहे. एका मतानुसार एखादे केंद्र अतिवेगाने संवेदना सोडत राहते. १९४७ मध्ये शेर्फ यांनी अलिंदावर बचनागातील ॲकोनिटीन हे विष लावून तसा जलद ताल निर्माण केला होता. दुसऱ्या मतानुसार विद्युत्‌लहरी स्नायूत फिरत राहून पुन्हा पुन्हा मूळ जागी येतात. कंपन पावणाऱ्या स्नायूचे तुकडे एका मर्यादेपेक्षा लहान केले की कंपन थांबते, हे गॅरी यांनी १९१४ मध्ये दाखविले होते. त्याच धाग्याने १९५९ मध्ये गॉर्डन मो यांनी अनेक भटक्या लहरींची उपपत्ती मांडली आणि १९८५ मध्ये ॲलेसी व सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयावर तिला प्रायोगिक आधार दिला. १९९८ मध्ये बोर्दो येथील हायसागेर यांच्या गटाने ४५ रुग्णांत ६९ उगमस्थाने शोधली. त्यांपैकी ९४ टक्के फुप्फुस-नीलांत, म्हणजे फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या नीलांत, होती. तेव्हापासून केंद्रवादी मताचे वजन वाढले. परंतु त्या रुग्णांचे तंतुकंपन अधूनमधून येणारे होते. वर्षानुवर्षे ताणलेल्या, तंतुमय झालेल्या अलिंदाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. झडपविकाराच्या रुग्णांत अलिंदाची भिंत हीच विकाराची मुख्य भूमी असते, हे मत अधिक पटते. झडप उत्तम बसवूनही जुने तंतुकंपन अनेकदा का जात नाही, याचा उलगडाही त्याने होतो.

भटक्या लहरींच्या उपपत्तीवरूनच शल्यविशारद जेम्स कॉक्स यांनी मेझ (म्हणजे भूलभुलैया) शस्त्रक्रिया योजली. ती प्रथम २५ सप्टेंबर १९८७ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथील बार्न्स रुग्णालयात करण्यात आली. तिच्यात दोन्ही अलिंदांवर ठरावीक रेषांत छेद घेऊन ते पुन्हा शिवतात. विद्युत्‌लहर व्रणाच्या ऊतकातून जात नसल्याने फिरत्या लहरीला पुरेशी जागा उरत नाही, मात्र ठोक्यांचा नैसर्गिक उगम असलेल्या सायनस गाठीपासून अलिंद-निलय गाठीपर्यंतची वाट आणि तिला फुटणाऱ्या शाखा मोकळ्या राहतात. पहिल्या आवृत्तीनंतर काही रुग्णांत श्रमाच्या वेळी ठोक्यांचा वेग पुरेसा वाढत नसे, म्हणून छेदांची रचना दोनदा बदलण्यात आली. तिसरी आवृत्ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. २००२ च्या सुमारास राल्फ डॅमियानो यांनी बहुतेक छेदांऐवजी रेडिओ-लहरींची उष्णता आणि अतिशीत शलाका वापरून चौथी आवृत्ती रूढ केली. तिला वेळ कमी लागत असल्याने झडपेच्या शस्त्रक्रियेला ती जोडणे सुकर झाले.

जोडशस्त्रक्रियेचा लाभ किती, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका चाचणीत तपासले गेले. मायट्रल शस्त्रक्रियेच्या २६० रुग्णांपैकी ज्यांच्यावर तालासाठीही उपचार झाला, त्यांतील ६३.२ टक्के सहा आणि बारा महिन्यांच्या तपासण्यांत तंतुकंपनमुक्त होते. केवळ झडपेवर उपचार झालेल्यांत हे प्रमाण २९.४ टक्के होते. मात्र कायमचा पेसमेकर बसवावा लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात दुपटीहून अधिक होते आणि वर्षभरातील मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. त्याच चाचणीत केवळ फुप्फुस-नीला वेगळ्या करणे आणि दोन्ही अलिंदांवर संपूर्ण मेझ करणे यांत फरक दिसला नाही. केंद्रवादी मताला याचा आधार देता येतो. तथापि या पोटतुलनेतील रुग्णसंख्या निर्णायक म्हणावी इतकी नव्हती.

डाव्या अलिंदाचे उपांग बंद करण्याबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे, कारण तंतुकंपनात रक्ताची गुठळी बहुधा याच पिशवीसारख्या भागात धरते आणि तेथून सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तंतुकंपन असलेल्या सुमारे ४,८०० रुग्णांच्या चाचणीत अन्य हृदयशस्त्रक्रियेच्या वेळीच उपांग बंद केलेल्यांत पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण ४.८ टक्के, तर इतरांत ७ टक्के होते. हा लाभ रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या जोडीने मिळालेला आहे; ती औषधे थांबविण्यास त्यातून आधार मिळत नाही.

नव्याने होणारे तंतुकंपन केवळ हृद्‌रोहिणी बायपासनंतर साधारण ३० टक्के, झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर ४० टक्क्यांच्या आसपास आणि दोन्ही एकत्र केल्यास त्याहून अधिक रुग्णांत आढळते. ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होते आणि बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरते. दाह, हृदयावरणात साचलेले रक्त, पोटॅशियमची कमतरता आणि अचानक बंद झालेली बीटा-रोधक (ठोक्यांचा वेग कमी करणारी) औषधे ही कारणे मानली जातात. साचलेल्या रक्ताचे महत्त्व २०२१ च्या एका चाचणीने पुढे आणले: हृदयावरणाला मागील बाजूस छेद देऊन रक्ताला वाट दिलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के, तर इतरांत ३२ टक्के होते. मात्र त्या चाचणीत मायट्रल झडपेचे रुग्ण नव्हते.

हार्ट ब्लॉकचे मूळ शरीररचनेत आहे. १९०६ मध्ये सुनाओ तवारा यांनी वर्णिलेली अलिंद-निलय गाठ हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेच्या पडद्यालगतच्या पाळीजवळ असते आणि तिच्यापासून निघून संवेदना निलयांकडे नेणारा हिस तंतुगुच्छ महारोहिणीच्या झडपेखालून जातो. त्यामुळे टाके किंवा साचलेले कॅल्शियम काढण्याने त्याला इजा पोहोचू शकते. १९५७ मध्ये मिनेसोटात लिलेहाय यांनी जन्मजात दोषांच्या शस्त्रक्रियेनंतर हृदयस्नायूत तार बसवून ठोके राखण्यास आरंभ केला. आजही झडपेच्या रुग्णाच्या छातीबाहेर काही दिवस दिसणाऱ्या बारीक तारा हा त्याच पद्धतीचा वारसा होय. पूर्ण अडथळा सुमारे पाच ते सात दिवसांत न सुटल्यास कायमचा पेसमेकर बसवितात. मांडीतील रोहिणीतून नळीवाटे बसविलेल्या महारोहिणी-झडपेनंतर त्याची गरज अधिक भासते, कारण झडपेची जाळी वहनमार्गावर दाब देते.

औषधांच्या निवडीत झडपेचा प्रकार निर्णायक ठरतो. यांत्रिक झडप असल्यास, ताल नियमित असला तरी, वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल हे रक्त पातळ करणारे औषध आयएनआर (रक्त गोठण्यास लागणाऱ्या वेळेचे माप) तपासत आजन्म घ्यावे लागते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॅबिगाट्रान या नव्या औषधाने अशा रुग्णांत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढविले. संधिज्वरजन्य झडपविकार आणि तंतुकंपन एकत्र असलेल्या सुमारे ४,५०० रुग्णांची २०२२ मधील चाचणी भारतासह आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत झाली. तिच्यातही रिव्हरोक्सॅबान या नव्या औषधापेक्षा वॉरफरिन वर्गातील औषधे घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले.